वळणाआधीचं हसू

मिस्त्रींचं सायकलदुरुस्तीचं दुकान एवढंसं होतं, की एक गिऱ्हाईक आत शिरलं की दुसऱ्याला बाहेर उभं राहावं लागे. पंक्चर काढणारे त्या भागात पुष्कळ होते. मिस्त्रींकडे लोक लांबून येत ते चाकाचा आऊट काढून घ्यायला. सायकल खड्ड्यात आदळली की रिम वाकते, चाक फिरताना डुलायला लागतं आणि ब्रेकला घासतं. ते सरळ करायचं म्हणजे छोट्या पान्याने एक तार जराशी आवळायची, समोरची जराशी सैल करायची, चाक फिरवायचं, बघायचं, पुन्हा पाना लावायचा. घाईच्या माणसाचं हे काम नाही. मिस्त्री डोळे अर्धवट मिटून कानाशी चाक फिरवत, आणि ते कुठेही न घासता सरळ फिरू लागलं की गालातल्या गालात हसत. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते असे हसलेले नाहीत, अशी त्यांच्या बायकोची जुनी तक्रार होती.

बायको शाळेत अगदी लहान मुलांच्या वर्गावर होती. तिला सगळे बाई म्हणत. घरी मिस्त्रीसुद्धा रागात असले की "बाई, तुमचा वर्ग सुटला आता" म्हणत.

पन्नाशी ओलांडल्यावर मिस्त्रींना एकदा ताप आला. साधा वाटला. मग ते असंबद्ध बोलायला लागले, आणि इस्पितळात नेईपर्यंत बेशुद्ध झाले. मेंदूला सूज आली होती. ते वाचले, चालायला लागले, जेवायला लागले, बायकोला ओळखलं, धाकट्या भावाला ओळखलं, लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचं नाव घेतलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मिस्त्रींनी विचारलं, "मी इथे का आहे?" बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मान हलवली, खिडकीबाहेर पाहिलं आणि वळून विचारलं, "अगं, मी इथे का आहे?"

नव्याने घडणारं काहीच मागे राहत नव्हतं. आजारापूर्वीचं आयुष्य जागच्या जागी होतं, पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी परका. चहा पिऊन कप खाली ठेवला की "चहा केला नाहीस अजून?" पहिल्या महिन्यात बाईंनी त्यांना इतका चहा पाजला, की शेवटी धाकट्याने सांगितलं, "वहिनी, त्याला आठवत नाही, पण त्याच्या पोटाला आठवतंय."

जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि जिना अरुंद. मिस्त्रींचा तोल अजून जात होता, म्हणून बाईंनी शाळेजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. त्यातून नवीनच घोळ झाला. जुन्या घरापासून दुकानाची वाट मिस्त्रींच्या पायात होती. नव्या घरापासूनची वाट मात्र त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. ते रोज सकाळी उठत, "उशीर झाला, दुकान उघडायचंय" म्हणत दाराबाहेर पडत आणि उभे राहत. समोर अनोळखी रस्ता. चेहऱ्यावर हरवलेल्या पोराचे भाव. बाई त्यांना हाताला धरून आत आणत, आणि थोड्या वेळाने तेच सगळं पहिल्यापासून सुरू होई.

संध्याकाळी बाई सवयीने विचारत, "आज काय केलंत?" मिस्त्री प्रामाणिकपणे आठवून बघत आणि म्हणत, "काहीच नाही बहुतेक." या उत्तराची बाईंना सवय व्हायला हवी होती. ती होत नव्हती. रोज विचारताना वाटे, आज एखादी तरी गोष्ट सांगतील. शेवटी त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

तपासणीला ज्यांच्याकडे नेत, त्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि जरा मिस्कील. त्या मिस्त्रींबरोबर एक खेळ खेळत. टेबलावर दोन वस्तू ठेवायच्या, एक बटण आणि एक चमचा. बटण उचललं की त्याखाली कागद, त्यावर ‘शाबास’ लिहिलेलं. चमच्याखाली काही नाही. मग दुसरी जोडी, मग तिसरी. पुढच्या खेपेला पुन्हा त्याच जोड्या. मिस्त्री दर वेळी म्हणत, "हा खेळ मी कधी खेळलेलो नाही, आधी समजावून सांगा." बऱ्याच आठवड्यांनी मात्र ते असं म्हणता म्हणताच हात पुढे करून बटण उचलू लागले. चुकेचनात.

"बटणच का उचललंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय माहीत. हाताला तेच बरं वाटलं."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे यांना आठवतंय?"

"नाही, आठवत नाही. पण ते शिकतायत." डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या वस्तू गोळा केल्या. "काय घडलं ते साठवणारी जागा आजाराने गेली. पण त्याहून खोल, आणखी जुनी एक जागा असते. कशानंतर काय येतं, आणि ते चांगलं असतं की वाईट, एवढंच ती शिकते. ती शाबूत आहे. तिथे काही पेशी असतात. चांगलं काही मिळालं की त्या एक रसायन सोडतात, डोपामिन म्हणतात त्याला. म्हणजे आरडाओरडाच करतात म्हणा. आणि गंमत बघा, मिळेल असं वाटत होतं त्यापेक्षा जास्त मिळालं, तरच ओरडतात. रोज तेच मिळायला लागलं की मिळताना गप्प बसतात, आणि त्याच्या आधी जी खूण दिसते तिला बघून ओरडायला लागतात. तुमच्या वर्गातली मुलं कशी, सुट्टी सुरू झाल्यावर नाही, घंटा वाजली की ओरडतात."

"घंटा कसली!" बाई म्हणाल्या. "शिपाई घंटेकडे निघालेला दिसला की ओरडतात."

डॉक्टरीणबाई जोरात हसल्या. "तेच सांगतेय. ओरडा एकेक पायरी मागे सरकत येतो."

घरी जाताना बसमध्ये मिस्त्रींनी विचारलं, "कुठून येतोय आपण?" एरवी त्या उसासा टाकून सांगत. त्या दिवशी म्हणाल्या, "शाळेतून. तुम्ही पास झालात."

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या आधी बाई त्यांना दुकानापर्यंत चालत न्यायला लागल्या. वाट लांब नव्हती, पण वळणांची होती. फाटकातून निघून पाण्याच्या टाकीखालून जायचं, लाँड्रीशी डावीकडे वळायचं, मग सुतारांची गल्ली आणि तिच्या टोकाला दुकान. दुकान आता धाकटा चालवत होता. बाईंनी त्याला साखर लावलेले बन आणून ठेवायला सांगितले. दादा पोचला की त्याच्या हातात बन द्यायचा. वर्गात गोळी दाखवली की पोरं निम्मी शहाणी होतात, हा बाईंचा रोजचा अनुभव होता.

आठवडे गेले. मिस्त्री बन खात, हात झटकत आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी तसेच उभे राहत. प्रत्येक वळणावर थांबून बाईंच्या तोंडाकडे बघत. बाईंना वाटायला लागलं, टेबलावरचं बटण वेगळं आणि रस्ता वेगळा.

एका सकाळी धाकट्याच्या हातात वेळेवर बन नव्हता. आदल्या संध्याकाळी आलेलं एक चाक स्टँडला तसंच लावलेलं होतं. चाक कसलं, पापडासारखं वेडंवाकडं झालेलं. मिस्त्री आत आले, त्यांनी चाक पाहिलं, बोटाने एक झटका दिला. चाक डुलत फिरलं. "अरे, काय दशा केलीय याची," असं म्हणत त्यांनी फळीवरचा पाना न बघताच उचलला. तो कुठे असतो ते हाताला माहीत होतं. बाईंना शाळेला उशीर होत होता, तरी त्या उंबऱ्यात थांबून राहिल्या. बऱ्याच वेळाने चाक सरळ फिरलं आणि मिस्त्री गालातल्या गालात हसले. आजारानंतर पहिल्यांदा.

बाईंनी कपाळावर हात मारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि या माणसाला बन देऊन फितवायला निघालो होतो आपण! गोडाचं त्यांना कधी फारसं नव्हतंच.

"भाऊजी," त्या धाकट्याला म्हणाल्या, "उद्यापासून रोज सकाळी एक वाकडं चाक स्टँडला हवं."

"वहिनी, रोज वाकडं चाक आणू कुठून? लोकांना सांगू काय खड्ड्यात पडा म्हणून?"

"नसेल त्या दिवशी तुम्ही वाकडं करा."

धाकटा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की वहिनी थट्टा करत नाहीत. त्याने भंगारातून दोन-चार जुनी चाकं आणली. दुकान बंद करताना तो एकाच्या तारा सैल करून, गुडघ्यावर दाबून त्याला बाक आणायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "दादाने जन्मभर वाकडी सरळ केली. मी आता सरळ वाकडी करतोय. घराण्याचं नाव काढतोय."

यानंतर जे झालं ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. आधी मिस्त्री चाक सरळ झाल्यावर हसत. काही दिवसांनी स्टँडवरचं वाकडं चाक बघूनच चेहरा फुलायला लागला. मग दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर दिसताच पावलं भराभर पडू लागली. मग सुतारांच्या गल्लीत लाकडाच्या भुश्शाचा वास आला की बाईंचा हात सुटायचा आणि ते पुढे. पुढे पुढे तर लाँड्रीचं वळण यायच्या आधीच त्यांच्या ओठांचा कोपरा हलायचा. बाईंना शिपाई आठवायचा.

"अहो, एवढ्या घाईने निघालात कुठे?" एकदा त्यांनी मुद्दाम विचारलं.

मिस्त्री थबकले. खरंच विचार करून बघितला. "ते काही सांगता येत नाही," म्हणाले, "पण चल तू."

बाई एक पाऊल मागे राहायला लागल्या. मग चार पावलं. मग रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. शेवटी एका सकाळी त्या फाटकापाशीच थांबल्या. मिस्त्री टाकीखालून गेले, लाँड्रीशी डावीकडे वळले आणि दिसेनासे झाले. थोड्या वेळाने धाकट्याचा फोन आला, "वहिनी, आला! आणि मलाच विचारतोय, उशीर का केलास!"

त्या संध्याकाळी धाकटा त्यांना घरी सोडून गेला, तेव्हा बाईंनी काही विचारलं नाही. त्यांचे हात बघितले. नखांत ग्रीस, अंगठ्याला पान्याचा वळ. साबण लावून ते हात धुताना बाईंचा जीव हलका झाला. दिवसभरात काय केलं ते सगळं तिथे होतं. मग रोजचंच झालं. मिस्त्री घरात आले की बाई आधी हात बघायच्या.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच एक दिवस घोटाळा झाला. सकाळी दुकानात येताना धाकट्याला एका रिक्षाने धक्का दिला. फार लागलं नाही, पण पाय सुजला आणि दवाखान्यात सकाळ गेली. फोन रस्त्यात पडून फुटला होता, बाईंना कळवणार कसं? मिस्त्री नेहमीप्रमाणे हसतमुख दुकानाशी पोचले. शटर बंद होतं. ते किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे. मग पाय नेतील तिकडे चालत राहिले. दुपारी ते जुन्या इमारतीच्या जिन्यावर बसलेले सापडले. वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या बाईने त्यांना पाणी दिलं होतं आणि खालच्या दुकानदाराने ओळखून निरोप पाठवला होता.

घरी येईपर्यंत ते सगळं विसरले होते. बाई मात्र विसरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बरोबर निघाल्या. टाकीपर्यंत ठीक होतं. लाँड्रीच्या वळणावर मिस्त्री थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. जाऊ नये असं वाटतंय."

"का पण?"

"ते काय सांगू? पाय उचलत नाही."

त्यानंतर बरेच दिवस असंच. चाक स्टँडला लागलेलं असे, धाकटा लंगडत दारात येऊन उभा राही, तरी त्या वळणावर मिस्त्रींचा चेहरा पडे. बाई वैतागून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "कालचं जेवण आठवत नाही म्हणता, मग हे रुसलेत कशावर? सगळं पाण्यात गेलं का?"

"पाण्यात कशाने जाईल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घंटा झाली आणि तुम्ही सुट्टी दिलीच नाही, तर काय होईल वर्गात?"

"दुसऱ्या दिवशी घंटेवर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"बस. ठरलेलं मिळालं नाही की त्या पेशी ओरडणं तर राहोच, नेहमीची कुजबुजसुद्धा बंद करतात. तीसुद्धा शिकवणीच असते. त्यांची एवढी निराशा झाली, म्हणजे त्याआधी खात्री किती पक्की होती बघा. पुन्हा विश्वास बसेल. फक्त आता त्यांचा अंदाज थोडा चुकवा. वाटतं त्याहून जास्त द्या."

धाकट्याने हे फारच मनावर घेतलं. एक दिवस एका चाकाऐवजी दोन. एक दिवस सामान वाहायच्या तीनचाकीचं जाडजूड चाक. एकदा तर त्याने ओळखीच्या एका शर्यतवाल्याची सायकल मागून आणली. केसासारख्या बारीक तारांचं ते चाक मिस्त्रींनी असं हातात धरलं, की धाकट्याला वाटलं आता दादा हे झोपतानाही सोडणार नाही. काही आठवड्यांत वळणावरचं थांबणं गेलं, आणि ओठांचा कोपरा पुन्हा लाँड्रीच्या आधी हलायला लागला. दुकानाची एक किल्ली शेजारच्या सुताराकडे देऊन ठेवली गेली. काहीही झालं तरी शटर उघडायचं, एवढं त्याला बजावलेलं होतं.

याच सुमारास मुलीची बदली त्याच शहरात झाली. तिला बाळ झालं होतं, मिस्त्रींच्या आजारानंतर. बाळाला घेऊन ती पहिल्यांदा आली, तेव्हा मिस्त्रींनी दुपट्यात गुंडाळलेल्या पोरीकडे बघून कौतुकाने विचारलं, "हे गाठोडं कोणाचं?"

"माझं, बाबा. तुमची नात."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, बोट तिच्या मुठीत दिलं, आपलं कधी लग्न झालं, मुलगी कधी एवढी मोठी झाली, असं काय काय बोलत राहिले. मग पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले आणि म्हणाले, "अरे वा! हे गाठोडं कोणाचं?"

मुलगी तेव्हा हसली. पण पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला तेच. एक दिवस ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "मला नाही ऐकवत गं. दर वेळी ते खूश होतात आणि दर वेळी ते पुसलं जातं. कशाला आणायचं तिला?"

बाई भांडी विसळत होत्या. त्यांनी हात पुसले. "तू आण. वेळ मात्र एकच ठेव. ते दुकानातून आले, हातपाय धुतले, की तेव्हा."

"काय उपयोग?"

"मलाही माहीत नाही. आण तर खरं."

मुलगी येत राहिली. बाईंनी खिडकीजवळ एक जुनं चाक खुंटीला अडकवून ठेवलं होतं. मिस्त्री पोरीला मांडीवर घेऊन ते फिरवत, तारांवर नख धरत आणि त्यातून किर्रर्र आवाज निघाला की पोर खदखदून हसे. तिचं हसणं ऐकून मिस्त्री हसत. मग पुन्हा चाक. दोघांपैकी कोणालाच कंटाळा येत नसे. पोरीला अजून अक्कल यायची होती आणि आजोबांना दर वेळी ते नवीनच होतं. घरात तिला सगळे गाठोडं म्हणायला लागले, तिचं खरं नाव पाळणाघरापुरतं उरलं.

ती बसायला लागली, रांगायला लागली. एका संध्याकाळी बाई आणि मिस्त्री चहा घेत बसले होते. बाहेर लोखंडी फाटक करकरलं. मग पायऱ्यांवर चपलांचा आवाज. मिस्त्रींनी कप अर्धवट खाली ठेवला, खुर्ची दाराकडे वळवली, मांडीवरचं वर्तमानपत्र काढून बाजूला टाकलं आणि दोन्ही हात मोकळे करून बसले. ओठांचा कोपरा हलला.

बाईंनी हळूच विचारलं, "कोण येतंय हो?"

"काय माहीत," मिस्त्री दारावरची नजर न काढता म्हणाले. "पण कोणीतरी चांगलं येतंय."

मुलीने हे दाराबाहेर ऐकलं. ती आत आली ती रडत आणि हसत, एकदमच. पोरीने आजोबांकडे झेप घेतली. मिस्त्रींनी तिला झेललं, न्याहाळलं आणि विचारलं, "हे गाठोडं कोणाचं?"

"तुमचंच आहे, बाबा."

"तरीच," मिस्त्री म्हणाले, आणि खुंटीवरच्या चाकाकडे वळले.

त्या दिवसापासून मुलीने तो प्रश्न मनाला लावून घेतला नाही. उत्तरं मात्र ती बदलून बदलून द्यायला लागली. कधी "रस्त्यात सापडलं", कधी "दुरुस्तीला आणलंय". दुरुस्तीला म्हटलं की मिस्त्री पोरीला उलटसुलट करून बघत आणि गंभीरपणे सांगत, "सगळं सरळ आहे, काही करायला नको."

आता पोर चालते. मिस्त्री रोज दुकानात जातात, कामाला पूर्वीइतकीच गिऱ्हाईकं येतात. पैसे आणि पत्ते धाकटा बघतो, चाकं दादा. बाईंची शाळेतली नोकरी संपत आली आहे आणि त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं आहे. मुलीचं घर दुसऱ्या बाजूला आहे, पूल ओलांडून, बागेच्या भिंतीला धरून. दर रविवारी त्या मिस्त्रींना त्या वाटेने चालवत नेतात. पहिल्या रविवारी मिस्त्री प्रत्येक वळणावर थांबले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाई घाबरल्या नाहीत, चिडल्या नाहीत. वाटेच्या टोकाला, वर खिडकीत पोरीला उभं करून ठेवायचं मुलीला सांगितलेलं होतं.

मागच्या रविवारी पुलावर जरा वारा होता. मिस्त्री कठड्याशी थांबतील असं बाईंना वाटलं होतं, पण ते थांबले नाहीत.

"अगं, जरा पाय उचल की," ते म्हणाले.